सँडर चापट मारल्यावर सुरू होतोय? आधी कार्बन बघा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घरातलं जुनं सागवानी दार पॉलिश करायला काढलं होतं, अर्धं दार घासून झालं आणि हातातला सँडर (लाकूड घासायचं मशीन) एकदम गप्प. बटण चार वेळा दाबलं, काही नाही, मग आपल्याकडे रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना जो उपाय चालतो तो केला, दोन चापट्या मारल्या, आणि सुरू झाला की! पाच मिनिटांनी परत बंद, परत चापट. तुमच्या मशीनचं असं होत असेल तर बहुतेक वेळा मोटर जळलेली नसते, कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश, संपलेले असतात. चापटीने उरलेला तुकडा जरा हलतो आणि आर्मेचरला (मोटरचा फिरणारा भाग) टेकतो, बाकी काही जादू नाही.

वायरवाल्या सँडरमधली मोटर म्हणजे मिक्सर किंवा ड्रिलमधल्या मोटरचीच जात. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तो कॉम्युटेटर, त्याला दोन बाजूंनी दोन कार्बन घासत असतात आणि मागून स्प्रिंग त्यांना दाबून धरते. मिनिटाला १२-१४ हजार फेरे, त्यामुळे कार्बन खडूसारखे झिजणारच, ते झिजायलाच केलेत म्हणजे महागाचं तांबं वाचतं. (मशीनवर ब्रशलेस लिहिलं असेल तर त्यात कार्बनच नसतात, तुमचा आजार वेगळा.)

खोलायच्या आधी वायर बघा. मशीनच्या बुडाशी जिथे वायर आत शिरते तिथे ती वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि लक्षण सेम टू सेम, हलवलं की चालू. मल्टीमीटर असेल तर प्लग बोर्डातून काढून त्याच्या दोन पिनांवर (तीन असतील तर जाड अर्थिंगची सोडून बाकी दोन) ओहम लावा, मशीनचं बटण ऑन ठेवा आणि पॅड, म्हणजे कागद लावायचा खालचा भाग, हाताने हळू फिरवा. रीडिंग येत-जात असेल तर कार्बनवर संशय, वायर हलवल्यावर जात असेल तर वायर. पण स्पीडचा डायल असलेल्या मशीनला मध्ये सर्किट असतं, तिथे ही टेस्ट फसते, सरळ खोलूनच बघा.

आता खोलणं. प्लग काढलेला, आणि काढलेला प्लग डोळ्यासमोर ठेवा, कोणीतरी "अरे हे का बंद आहे" म्हणून लावायला नको. काही मशीनला बॉडीच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या चपट्या टोप्या असतात, मध्ये स्क्रू ड्रायव्हरची खाच. तुमच्याकडे तसं असेल तर नशीबवान, टोपी फिरवा, कार्बन स्प्रिंगसकट बाहेर येतो, दहा मिनिटांचं काम. फक्त खाचेत पूर्ण बसेल असा रुंद तोंडाचा ड्रायव्हर घ्या, बारक्याने जोर लावला तर खाच जाते आणि मग ती टोपी निघता निघत नाही.

हातात मावणाऱ्या छोट्या सँडरला मात्र बऱ्याचदा टोप्या नसतात, बॉडीचे दोन भाग वेगळे करावे लागतात. माझा असाच. सगळे स्क्रू काढा, एखादा धुळीच्या पिशवीच्या मागे किंवा स्टिकरखाली लपलेला असतो, तो राहिला आणि तुम्ही ओढलंत तर प्लास्टिक तडकलंच. वरचं झाकण सावकाश उचला आणि काही हलवायच्या आधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा, कुठली वायर कुठून गेलीय ते. नंतर हाच फोटो वाचवतो. स्प्रिंग घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळीची असेल तर तिचं टोक बारीक नाकाच्या पकडीने मागे ओढून धरा आणि कार्बन बाहेर सरकवा. हात सुटला तर ती उडते. माझी कपाटाखाली गेली होती, झाडूने काढली.

कार्बन हातात आला की लांबी बघा. अंगावर लिमिटची रेघ असेल तर तिथपर्यंत झिजल्यावर बदलायचा, रेघ नसेल तर ५-६ मिमीच्या आसपास आला की माझ्या मते थांबू नका. आणि दोन्ही एकदम बदला, एक बरा दिसतोय म्हणून ठेवू नका. काही कार्बनच्या पोटात बारकी खिट्टी असते, कार्बन संपला की ती पुढे येऊन त्याला तांब्यावरून उचलते आणि मशीन आपोआप बंद पडतं. तसे असतील तर तसेच घ्या, कारण साधा कार्बन पार संपला तर त्याची तार किंवा स्प्रिंग तांब्यावर घासते आणि आर्मेचरची वाट लागते. आर्मेचरच्या किमतीत मग लोक नवीन मशीन बघायला लागतात.

खरेदीला जाताना जुना कार्बन खिशात टाकून जा, पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी, नाहीतर गावातला कुठलाही मोटर वाइंडिंगवाला. नुसतं "सँडरचे कार्बन द्या" म्हणू नका. जाडी आणि रुंदी मिमीमध्ये तंतोतंत जुळली पाहिजे, शिवाय मागची तांब्याची वेणी, तिच्या टोकाची पिन, सगळं तेच. इथे मी माती खाल्ली होती, साइज मिळाली नाही म्हणून ग्राइंडरचे थोडे मोठे आणले आणि काचपेपरवर घासून बसवले. बसले, पण घट्ट. मशीन गरम झाल्यावर एक होल्डरमध्ये (कार्बन बसतो त्या खाचेत) अडकला, ठिणग्यांचा निळा गोल दिसायला लागला आणि करपट वास. कार्बन होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, बोटाने ढकलावा लागत असेल तर तो चुकीचा आहे.

नवीन बसवायच्या आधी होल्डर आणि कॉम्युटेटर साफ करा, ब्रश आणि ब्लोअरने, तोंडाला मास्क लावून. तांबं तपकिरी चॉकलेटी दिसत असेल तर त्याला हात लावू नका, तो चांगला रंग आहे. काळे डाग असतील तर एकदम बारीक काचपेपरची पट्टी गोल लावून आर्मेचर हाताने फिरवा. एमरी पेपर (लोखंड घासायचा) नको, त्याचे कण पट्ट्यांमधल्या फटीत अडकतात. नखाला चर लागत असेल किंवा एखादी पट्टी वर आली असेल तर वाइंडिंगवाल्याकडे न्या, नवे कार्बन घालून उपयोग नाही, आठवड्यात खाऊन टाकेल.

बसवताना कार्बनच्या तोंडाची गोलाई आर्मेचरच्या गोलाईला जुळवून, वेणी स्प्रिंगखाली चिमटणार नाही असं बघून बसवा. बॉडी बंद करायच्या आधी पॅड हाताने फिरवा, कुठे खरखर नको. मग कागद न लावता, लाकडाला न टेकवता, पाच-दहा मिनिटं नुसतं चालवा. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतील, कार्बनचं तोंड बसलं की कमी होतात. कमी न होता गोल फिरायला लागल्या तर लगेच बंद.

आणि एक, ज्यांनी सँडर भिंतीची पुट्टी घासायला वापरला त्यांचे कार्बन लाकूडवाल्यांपेक्षा फार लवकर जातात. ती पांढरी भुकटी हवेच्या जाळीतून आत शिरते आणि कार्बन-तांब्याच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करते. माझ्या भाच्याने दोन खोल्यांची पुट्टी घासायला मशीन नेलं, परत आणलं तेव्हा जाळीतून पीठ सांडत होतं, नवे घातलेले कार्बन निम्मे. आता त्याला देताना सोबत कार्बनची एक जोडी मशीनला टेप लावून देतो, तिचे पैसे आधी घेऊन.