बाहेरचा सोर्स फोल्डर प्रोजेक्टमध्ये जोडताय? या चुका टाळा

फोल्डर एडिटरमध्ये दिसतोय, फाइल उघडतेय, फंक्शनवर कंट्रोल-क्लिक केलं की बरोबर डेफिनिशनवर उडी जातेय, आणि बिल्ड मारला की कंपायलर म्हणतो 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. मग माणूस एडिटर रीस्टार्ट करतो, एक्स्टेंशन काढून परत टाकतो, कॅशे उडवतो, अर्धा दिवस जातो आणि एरर तिथल्या तिथे. कारण साधं आहे, एडिटरला फोल्डर माहीत असणं, कंपायलरला माहीत असणं आणि गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) माहीत असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

लाल रेघ गेली म्हणून खूश होणं

समजा एका फोल्डरमध्ये 'ॲप' आहे आणि त्याच्या शेजारी 'कॉमन' नावाचा फोल्डर, त्यात लॉगरचा हेडर (फंक्शन्स कुठली आहेत एवढंच सांगणारी फाइल) आणि त्याची सोर्स फाइल (ज्यात खरा कोड असतो). व्हीएस कोडमध्ये सी-प्लस-प्लसच्या एक्स्टेंशनला इन्क्लूड पाथमध्ये, म्हणजे हेडर शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, 'कॉमन' दिला की हेडरखालची लाल रेघ जाते. पण ते सेटिंग फक्त इंटेलिसेन्ससाठी, म्हणजे एडिटरमधल्या सजेशन्स आणि लाल रेघांसाठी आहे, कंपायलर ते वाचतच नाही. त्याला तोच पाथ कमांडमध्ये मायनस-कॅपिटल-आय लावून वेगळा द्यावा लागतो. तो दिला की पुढचा एरर येतो, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. इथे लोक परत इन्क्लूड पाथशी खेळत बसतात. अरे, हेडर सापडला म्हणून तर गाडी लिंकरपर्यंत (कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणारा) आली ना! आता सापडत नाहीये ते फंक्शनचं अंग, म्हणजे लॉगरची सोर्स फाइल बिल्डमध्ये घेतलेलीच नाही. ती घ्या, नाहीतर 'कॉमन'ची लायब्ररी बनवून लिंक करा.

पायथनमध्ये हाच प्रकार वेगळ्या वेषात. व्हीएस कोडच्या पायलान्स या पायथन एक्स्टेंशनच्या एक्स्ट्रा पाथ्समध्ये फोल्डर टाकला की सजेशन्स यायला लागतात, पण प्रोग्रॅम चालवला की 'मॉड्यूल नॉट फाउंड', कारण इंटरप्रीटर त्या सेटिंगकडे बघत नाही. पायथनपाथ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल सेट करा, किंवा त्या फोल्डरला पॅकेजचं रूप देऊन पिपने (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) एडिटेबल मोडमध्ये, म्हणजे कॉपी न करता मूळ फोल्डरलाच जोडून, इन्स्टॉल करा, दुसरा मार्ग जास्त टिकतो. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगमधले 'पाथ्स' पण तसेच, टाइप चेकिंगला चालतात पण बाहेर पडणाऱ्या जावास्क्रिप्टमधला इम्पोर्ट बदलत नाहीत, ते काम बंडलरने (सगळ्या फाइल्स एकत्र बांधणारं टूल) करावं लागतं.

म्हणून पहिली टेस्ट कायम एकच, एडिटर बंद करून टर्मिनलमधून बिल्ड मारा. तिथे फुटतोय तर प्रॉब्लेम बिल्डचा. तिथे चालतोय आणि एडिटरमध्ये लाल दिसतंय तर एडिटरच्या सेटिंगचा. दोन्हीकडे एकदम हात घालू नका, मग काय केल्याने काय सुटलं ते कधीच कळत नाही.

सी-मेक (बिल्डच्या फाइल्स तयार करून देणारं टूल) वापरत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, एडिटरला हाताने पाथ देत बसूच नका. एक्सपोर्ट कंपाइल कमांड्सचा ऑप्शन ऑन करा, बिल्ड फोल्डरमध्ये एक जेसन फाइल तयार होते, तीच क्लँगडी (एडिटरला कोड समजावणारं टूल) किंवा सी-प्लस-प्लस एक्स्टेंशनला दाखवा. मग कंपायलर आणि एडिटर एकाच यादीवरून चालतात. फक्त हा ऑप्शन मेकफाइल आणि निंजा जनरेटरलाच (सी-मेक कुठल्या प्रकारच्या बिल्ड फाइल्स बनवतो ती निवड) लागू होतो, व्हिज्युअल स्टुडिओ जनरेटर तो गुपचूप दुर्लक्षित करतो आणि आपण फाइल शोधत बसतो. अजून एक, ॲड-सबडिरेक्टरीमध्ये प्रोजेक्टच्या बाहेरचा फोल्डर दिला तर सी-मेक बायनरी डिरेक्टरी, म्हणजे बिल्डचं आउटपुट ठेवायची जागा, वेगळी मागतो. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये एखादं नाव द्या, विषय संपला.

पूर्ण पाथ टाकणं

तुमच्या युजरनेमसकट पाथ कॉन्फिग फाइलमध्ये लिहिला आणि कमिट केला, की टीममधल्या बाकी सगळ्यांचा प्रोजेक्ट मोडला. व्हीएस कोडच्या वर्कस्पेस फाइलमध्ये (कुठले फोल्डर एकत्र उघडायचे ते लिहिलेली फाइल) रिलेटिव्ह पाथ चालतो आणि तो त्या वर्कस्पेस फाइलच्या जागेपासून मोजला जातो. फाइल 'ॲप'च्या आत असेल तर शेजारच्या फोल्डरचा पाथ '../कॉमन' असा होतो. पुढे कोणीतरी वर्कस्पेस फाइल एक पायरी वर हलवतो आणि सगळे फोल्डर गायब होतात, तेव्हा आधी हे तपासा. एक्लिप्स एडिटर वापरणाऱ्यांनी लिंक्ड फोल्डर करताना पाथ व्हेरिएबल वापरावा, नाहीतर प्रोजेक्ट फाइलमध्ये तुमच्याच मशीनचा पाथ कोरला जातो.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी. जेसनमध्ये एकेरी बॅकस्लॅश चालत नाही, दुहेरी द्यावा लागतो, त्यापेक्षा सरळ फॉरवर्ड स्लॅश टाका, चालतो. दुसरं म्हणजे कॅपिटल-स्मॉल. विंडोज आणि मॅकला सहसा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो, त्यामुळे तुमच्याकडे मस्त चालणारा इन्क्लूड बिल्ड सर्व्हरवर जाऊन पडतो.

आई-बाप फोल्डर आणि पोर दोन्ही जोडणं

आधी मोठा फोल्डर जोडायचा, मग सोयीसाठी त्याच्या आतलाच एक वेगळा जोडायचा. मग तीच फाइल एक्सप्लोररमध्ये दोन ठिकाणी दिसते आणि कुठली सेटिंग्ज लागतायत ते कळेनासं होतं. एकच ठेवा. आणि फोल्डर जोडल्यावर वर्कस्पेस सेव्ह करा, नुसतं 'अनटायटल्ड' ठेवून बंद केलं आणि विचारल्यावर 'डोन्ट सेव्ह' दाबलं की सगळी मांडणी गेली.

एकापेक्षा जास्त फोल्डर असले की अख्ख्या विंडोला लागू होणारी सेटिंग्ज, म्हणजे लेआउट वगैरे, आतल्या फोल्डरच्या सेटिंग फाइलमधून घेतली जात नाहीत, ती वर्कस्पेस फाइलमध्ये टाका. टास्क आणि डीबगच्या कॉन्फिगमध्ये वर्कस्पेस-फोल्डर हे व्हेरिएबल वापरताना कोलन देऊन फोल्डरचं नाव पण लिहा, म्हणजे कुठला फोल्डर ते नक्की होतं. आणि नवीन फोल्डर जोडल्यावर अर्धी एक्स्टेंशन्स अचानक गप्प झाली असतील तर आधी बघा की वर्कस्पेस रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये (विश्वास न दाखवलेल्या कोडसाठीचा बंधनांचा मोड) तर गेलं नाही ना.

सिमलिंकवर जास्त विसंबणं

प्रोजेक्टच्या आत सिमलिंक, म्हणजे दुसरीकडच्या फोल्डरकडे नेणारी लिंक, टाकली की सगळं जागच्या जागी वाटतं, आणि लिनक्सवर एकटे काम करत असाल तर खुशाल करा. टीममध्ये विंडोज असेल तर गोंधळ होतो. तिथे सिमलिंक बनवायला डेव्हलपर मोड किंवा ॲडमिन हक्क लागतात, आणि गिटमध्ये सिमलिंकचा ऑप्शन बंद असेल तर चेकआउट केल्यावर त्या जागी फोल्डर येतच नाही, येते एक छोटीशी टेक्स्ट फाइल आणि तिच्या आत फक्त पाथ लिहिलेला. 'फोल्डर ओपन होत नाहीये' अशी तक्रार आली की ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, लगेच कळतं.

ब्रेकपॉइंट (डीबग करताना कोड जिथे थांबवायचा ती खूण) पोकळ दिसतोय, लागतच नाही, याचं पण एक कारण हेच असतं. डीबगरकडे खरा पाथ असतो आणि एडिटरमध्ये तुम्ही लिंकवाल्या पाथवरून फाइल उघडलेली असते. खऱ्या जागेवरून फाइल उघडून ब्रेकपॉइंट लावून बघा. सी-प्लस-प्लसमध्ये सोर्स-फाइल-मॅप नावाचं सेटिंग आहे, त्यात एक पाथ दुसऱ्याला जोडता येतो.

एकाच नावाचे दोन हेडर

'कॉन्फिग' नावाचा हेडर तुमच्याकडे पण आणि 'कॉमन'मध्ये पण. कंपायलर यादीत आधी सापडेल तो उचलतो, एडिटरची यादी उलट क्रमाची असेल तर तो दुसराच दाखवतो, आणि तुम्ही ज्या फाइलमध्ये व्हॅल्यू बदलताय ती बिल्डमध्ये नसतेच. जीसीसी कंपायलरला मायनस-कॅपिटल-एच दिला की कुठले हेडर कुठून घेतले ते छापतो, त्यात बघा. कायमचा इलाज म्हणजे हेडर लायब्ररीच्या नावाच्या सबफोल्डरमध्ये ठेवणं.

गिट आणि रिनेम

बाहेरचा फोल्डर एडिटरमध्ये दिसतो म्हणून तो तुमच्या रिपॉझिटरीत जात नाही. तिथला बदल वेगळा कमिट करावा लागतो, आणि 'माझ्याकडे चालतंय' हे वाक्य बहुतेक वेळा इथून येतं. तो फोल्डर सबमॉड्यूल (एका रिपॉझिटरीत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) केला असेल तर क्लोन करताना रिकर्स-सबमॉड्यूल्स द्या, नाहीतर फोल्डर येतो पण आत काहीच नसतं.

रिनेम सिम्बॉल, म्हणजे एखादं नाव सगळीकडे एकदम बदलणारी एडिटरची सोय, तर त्याहून बेक्कार, एका एफ-टूने शेअर्ड लायब्ररीतलं फंक्शन पण बदलून टाकतं आणि ती लायब्ररी वापरणारे बाकीचे प्रोजेक्ट त्या वेळी उघडेच नसतात. व्हीएस कोडमध्ये फाइल्सच्या सेटिंगखाली रीडओन्ली-इन्क्लूड आहे, त्यात बाहेरचा फोल्डर टाकून ठेवा. खरंच बदल करायचा असेल तेव्हा तो प्रोजेक्ट वेगळ्या विंडोत उघडा.

लिनक्सवर मोठे फोल्डर जोडले की कधी कधी फाइल वॉचरची मर्यादा संपल्याचा मेसेज येतो. आयनोटिफायची (फाइल्समधले बदल कळवणारी लिनक्सची सोय) मर्यादा 524288 पर्यंत वाढवता येते, पण त्याआधी बिल्ड आउटपुट आणि नोड-मॉड्यूल्स वॉचर-एक्स्क्लूडमध्ये टाका, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.