बिटकॉइन वर जायला लागलं की फुगा आहे का हे आपलं आपण कसं तपासायचं

बिटकॉइनचा भाव वर जायला लागला की चारी बाजूंनी एकच प्रश्न येतो, आता घेऊ का, की हा फुगा आहे? परवा माझ्या मावसबहिणीच्या मुलाने फोन केला, मामा ६० हजार साठलेत आणि बँकेचं अ‍ॅप २ लाखाचं पर्सनल लोन लगेच देतंय, सगळं टाकू का म्हणून. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाहीये आणि लोन काढायच्या आधी विचारणारे फार कमी असतात.

मी स्वतः डिसेंबर २०१७ मध्ये घेतलं होतं. तेव्हा जगात भाव २० हजार डॉलरच्या जवळ होता, पेपरात रोज बातमी, लोकलमध्ये तीच चर्चा. वर्षभरात ते सव्वातीन हजार डॉलरवर आलं. त्यात ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की क्रिप्टोवाल्यांना (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाचा धंदा करणाऱ्यांना) सेवा देऊ नका, आणि मी ज्या एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉइन घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन ठिकाणी, घेतलं होतं तिथून रुपये काढणंच बंद झालं. ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, पण मधली दोन वर्षं पैसे असून नसल्यासारखे होते. तेव्हापासून मी भाव वाढला की आधी खालच्या गोष्टी बघतो.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढा. फुगा आहे म्हणजे भाव वाजवीपेक्षा फुगलाय एवढंच, ती वस्तू खोटी आहे असं नसतं. मुंबईचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा नुसता ओतला जात होता. त्या पैशावर कंपन्या निघाल्या, त्यात समुद्र हटवून जमीन करणारी बॅक बे रिक्लेमेशन कंपनी, तिचा ५ हजाराचा शेअर ५० हजाराच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला, शेअर पडले, पुढे बँक ऑफ बॉम्बे पण बुडाली. आता बघा, कापसाची मागणी खरी होती, समुद्र हटवून जमीन करता येते हे पण खरं होतं, नंतर बॅक बे मध्ये भराव पडलाच आणि आज तिथे इमारती उभ्या आहेत. पण ५० हजाराला शेअर घेतलेला माणूस संपला तो संपलाच. २००० सालच्या इंटरनेटच्या फुग्यात पण हेच झालं, अ‍ॅमेझॉनचा शेअर ९० टक्क्यांपेक्षा जास्त पडला होता, कंपनी मात्र टिकली. म्हणून "बिटकॉइन खरं आहे का" आणि "आत्ताच्या भावात फुगा आहे का" हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा, वाद घालणारे बहुतेक जण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देत असतात.

आता तपासायला बसू. पहिल्यांदा चार्ट उघडा, ट्रेडिंगव्ह्यू वगैरे कुठल्याही साइटवर, आणि पूर्ण इतिहास दिसेल असं करा, एक महिन्याचा चार्ट बघून काहीच कळत नाही. मग त्यात लॉग म्हणून एक पर्याय असतो तो दाबा. साध्या चार्टवर जुने चढउतार जमिनीला चिकटलेले दिसतात आणि शेवटची उडी तेवढी आभाळात, लॉगमध्ये दहापट वाढ कुठलीही असो सारख्याच उंचीची दिसते. तिथे तुम्हाला दिसेल की हा फुगा एकदा नाही, अनेकदा फुगलाय आणि फुटलाय पण. नोव्हेंबर २०१३ मध्ये ११०० डॉलरच्या वर, जानेवारी २०१५ मध्ये २०० च्या खाली. मग २०१७ चं ते २० हजार आणि २०१८ चं सव्वातीन हजार. नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार, वर्षभरात १६ हजाराच्या खाली. म्हणजे तीनदा पाऊण किंवा त्याहून जास्त भाव गेला, आणि तिन्ही वेळा नंतर नवा उच्चांक झाला. डिसेंबर २०२४ मध्ये १ लाख डॉलर पार झालं ते हेच बिटकॉइन. ज्याला नुसतं वर गेलेलं दिसतं तो आणि ज्याला नुसतं पडलेलं दिसतं तो, दोघेही अर्धा चार्ट बघतायत.

पुढचं पाऊल, किंमत कशावरून ठरते ते विचारा. फ्लॅटला भाडं येतं, शेअरमागे कंपनीचा नफा असतो, एफडीला व्याज, त्यावरून हिशोब करून म्हणता येतं की हे महाग आहे की स्वस्त. बिटकॉइनला यातलं काहीच नाही. ते कधीच २ कोटी १० लाखाच्या वर जाणार नाही आणि दर चार वर्षांनी नवं निघण्याचा वेग अर्धा होतो (एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ नवी बिटकॉइन), हे सगळं खरं, पण कमी आहे म्हणून किंमत असलीच पाहिजे असं कुठे आहे, घेणारा लागतोच. सोन्यालाही भाडं येत नाही, पण सोन्याला हजारो वर्षांची सवय आहे आणि घराघरात दागिना आहे, बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेलं. म्हणून जो कोणी छातीठोकपणे "खरी किंमत अमुक लाख" सांगेल त्याला विचारा हा आकडा कशावरून काढला. माझं मत विचाराल तर बिटकॉइनची खरी किंमत काढायची रीत आज कुणाकडेच नाही, त्यामुळे आपण किंमत तपासायच्या ऐवजी गर्दी आणि उधारी तपासायची.

गर्दी तपासणं सोपं आहे. गूगल ट्रेंड्सवर बिटकॉइन टाका आणि मागच्या काही वर्षांचा आलेख काढा, २०१७ च्या डिसेंबरातला सुळका लगेच दिसतो. लोक शोधायला लागतात ते भाव वाढल्यावर, आधी नाही. दुसरं म्हणजे डॉलरमधला भाव गुणिले डॉलरचा दर करा आणि तुमच्या अ‍ॅपवरच्या रुपयातल्या भावाशी ताडून बघा. थोडा फरक नेहमीच असतो, तो नेहमीचा किती आहे हे काही दिवस वहीत लिहून ठेवा, मग तो अचानक रुंदावला तर समजायचं की आपल्याकडचे लोक मिळेल त्या भावाला घेत सुटलेत. दक्षिण कोरियात जानेवारी २०१८ मध्ये हा फरक ४० टक्क्यांच्या वर गेला होता, बाकी जगापेक्षा एवढं महाग लोक घेत होते, आणि पुढच्या काही आठवड्यात काय झालं ते वर चार्टमध्ये आहेच.

पण खरं लक्ष उधारीवर द्या. फुगा नुसत्या उत्साहावर जेवढा फुगतो त्यापेक्षा कितीतरी जास्त उसन्या पैशावर फुगतो. क्रिप्टोमध्ये पर्पेच्युअल फ्युचर, म्हणजे मुदत नसलेला वायदा, नावाचा प्रकार आहे, १० हजार ठेवून १ लाखाचा सौदा करता येतो, कधी त्याहून मोठा. यात फंडिंग रेट असतो, बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी, भाव वाढेल म्हणून बसलेले लोक जास्त झाले की ते समोरच्यांना पैसे देतात. हा रेट फुकट बघायला मिळतो, कुठल्याही मोठ्या एक्सचेंजच्या फ्युचरच्या पानावर. शांत दिवसात तो ०.०१ टक्क्याच्या आसपास असतो. तो ०.१ टक्का झाला तर हिशोब करा, दिवसाला ०.३, वर्षाचे धरले तर १०० टक्क्यांच्या वर. एवढं व्याज देऊन कोणी महिनोन्‌महिने बसू शकत नाही. मग भाव थोडा जरी घसरला तरी यांचे सौदे आपोआप विकले जातात, त्या विक्रीने भाव आणखी पडतो, त्याने पुढच्याचा सौदा उडतो, आणि तासाभरात १०-१५ टक्के जाऊ शकतात. त्या दिवशी बातमीत कारण काहीतरी वेगळंच छापून येतं.

आणि हीच उधारी आपल्या घरात पण बघायची. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, बायकोचे दागिने गहाण, मित्राकडून हातउसने, यातलं काहीही असेल तर वरचं काहीही तपासू नका, घेऊच नका. १८६५ मध्ये पण ज्यांचं सगळं कर्जावर उभं होतं त्यांना थांबायला वेळच मिळाला नाही. बिटकॉइन तीन वर्षांनी परत येईलही, पण ईएमआय दर महिन्याच्या ५ तारखेला येतो.

इथपर्यंत सगळं बिटकॉइनबद्दल बोललो. बाकीची हजारो कॉइन्स यात धरू नका, ती त्याच्या मागे वर जातात म्हणून लोकांना सगळं एकच वाटतं. दुसरं कुठलंही कॉइन घेताना एकूण किती आहेत, दरवर्षी नवे किती निघतात, आणि बनवणाऱ्यांनी स्वतःकडे किती ठेवलेत हे शोधा. डोजकॉइन दरवर्षी सुमारे ५०० कोटी नवे निघतात, त्याला कमाल मर्यादाच नाही. लुना नावाचं कॉइन तर मे २०२२ मध्ये आठवडाभरात ८० डॉलरवरून जवळजवळ शून्यावर आलं, कारण जोडीच्या कॉइनचा भाव १ डॉलरला टिकवायला नवे लुना छापले जात होते, जेवढे छापले तेवढा भाव पडला आणि जेवढा भाव पडला तेवढे आणखी छापावे लागले. ते काही परत आलं नाही. बिटकॉइन पडून परत आलं म्हणून हेही येईल असं धरून लोकांनी पडत्या भावात घेतलं, त्यांचं जास्त वाईट वाटतं.

आणि ज्यात दरमहा ठरलेला परतावा सांगतात तो फुगाही नाही, ती सरळ फसवणूक आहे. गेनबिटकॉइन नावाची योजना आठवत असेल, महिन्याला १० टक्के, १८ महिने. पुणे, नांदेडकडे कितीतरी लोकांचे पैसे त्यात गेले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला पकडलं. सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचं जे २०१९ मध्ये बाहेर आलं त्याची रीत पण अशीच, जुन्याला द्यायचं ते नव्याकडून आणायचं. हमी शब्द ऐकला की उठा तिथून.

आता समजा सगळं बघून घ्यायचं ठरलं. मग कागद घ्या आणि ८० टक्के पडल्याचा हिशोब आधी लिहा. १ लाख टाकले, २० हजार राहिले. त्या २० हजाराचे परत १ लाख व्हायला भाव पाचपट व्हावा लागतो. हे तीन-चार वर्षं चालू शकतं. त्या काळात मुलाची फी, आईचं ऑपरेशन, घराचं डिपॉझिट यासाठी हे पैसे लागणार असतील तर रक्कम कमी करा, आणि परत हिशोब करा. भाच्याला मी सांगितलं ६० हजारातले ४५ बाजूला ठेव, उरलेल्या १५ चे पण महिन्याला दीड-दीड हजार असे दहा महिन्यात टाक. ऐकून त्याचा आवाजच पडला, पण लोन नाही काढलं.

टॅक्स मात्र घ्यायच्या आधीच समजून घ्या, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. तुमचं उत्पन्न कमी असलं तरी हाच दर. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी पण नेता येत नाही. म्हणजे बिटकॉइनमध्ये १ लाख कमावले आणि दुसऱ्या कॉइनमध्ये १ लाख घालवले तर हातात शून्य आणि टॅक्स ३१,२०० रुपये. बिटकॉइन देऊन दुसरं कॉइन घेतलं तरी ती विक्रीच धरतात. शिवाय विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, वर्षातून ३० वेळा घेणंविकणं केलं की किती पैसे तिथे अडकतात बघा. रिटर्नमध्ये यासाठी वेगळं शेड्यूल आहे, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि भाव पहिल्या दिवसापासून लिहा, नंतर शोधत बसायला लागलं की डोकं फिरतं.

शेवटचं, ठेवायचं कुठे. एक्सचेंज एफआययूकडे (संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदलेलं आहे का ते बघा, पण नोंदणी म्हणजे ठेव सुरक्षित असं नाही, बँकेतल्या ५ लाखापर्यंतच्या विम्यासारखं इथे काहीही नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्सचेंजच्या वॉलेटमधून, म्हणजे कॉइन ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, साधारण २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकले, तेव्हा बाहेर भाव तर वर चालला होता. म्हणून पहिली खरेदी केली की लगेच थोडे रुपये परत बँकेत काढून बघा, किती वेळ लागतो, किती कापतात. मग थोडं कॉइन स्वतःच्या वॉलेटवर पाठवून बघा, काही ठिकाणी पाठवूच देत नाहीत, ते आधीच कळलेलं बरं. स्वतःच्या वॉलेटला १२ किंवा २४ शब्द मिळतात, तीच त्याची किल्ली, ते कागदावर पेनाने लिहा, फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं पण नाही, आणि तो कागद कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, कारण ते शब्द हरवले तर कुठल्याही बँकेत अर्ज करून ते पैसे वारसाला मिळत नाहीत.