लाल भोपळा चिरताना देठाला हात लावू नका

लाल भोपळा चिरताना सुरी सटकते ती बहुतेक वेळा एकाच चुकीमुळे: लोक ती देठावर चालवतात. देठ लाकडासारखा टणक. पातं त्यात अडकतं, मग जोर लावला जातो आणि सुरी बोटांकडे वळते. देठ तसाच ठेवून भोपळा दुभंगता येतो.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या मार्केटातून अख्खा आणणार असाल तर चार माणसांच्या घराला दोन-अडीच किलोचा पुरे. देठ सुकलेला पण शाबूत हवा, कारण मोडक्या देठातून बुरशी आत शिरते. साल इतकी कडक हवी की नख रुतू नये. फोड घेत असाल तर बियांजवळ बघा. तिथे बुळबुळीत लागलं तर गर कितीही केशरी असो, घेऊ नका.

भोपळा धुऊन कोरडा पुसा. चॉपिंग बोर्डखाली ओला फडका घाला. सुरी लांब पात्याची आणि धारदार हवी. विळी पुढे फोडींसाठी ठीक, अख्ख्या भोपळ्याला नाही. देठापासून बोटभर अंतरावर, सालीवरच्या उभ्या खाचेत सुरीचं टोक रोवा. खाचेत पातं घसरत नाही. टोक आतल्या पोकळीत पोचलं की मूठ खाली दाबत बुडापर्यंत आणा. भोपळा फिरवून समोरच्या खाचेत तसंच करा. आता दोन्ही हातांनी दोन भाग बाहेर ओढा: देठाशी धरून राहिलेला तुकडा कट्‌कन तुटतो आणि देठ एका अर्ध्याला चिकटून येतो. सुरी मध्येच रुतली तर हिसका देऊ नका, मूठ हलकेच वरखाली करत सोडवा.

बिया आणि दोरे स्टीलच्या चमच्याच्या कडेने खरवडून काढा. नासायला सुरुवात तिथूनच होते. अर्धा भाग पालथा ठेवून खाचांवरून फोडी करा, साल त्यानंतर. अख्ख्या भोपळ्याची साल काढण्यात फक्त हात दुखतात. सालीखालची हिरवट रेघ जाईल इतकीच जाडी काढा. कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि सगळा भोपळा टाकून द्या. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि पोट बिघडवतो.

भाजीला पाऊण इंचाच्या फोडी. मेथीदाण्याची फोडणी, झाकणावर पाणी, आत थेंबही नाही, आठ-दहा मिनिटं. मीठ शेवटी घाला. आधी घातलं की पाणी सुटून लगदा होतो.

घारग्यांना किस हवा. 2 वाट्या किस, 1 वाटी चिरलेला गूळ, मंद आचेवर गूळ विरघळून किस मऊ होईपर्यंत. मग पूर्ण गार करा, इथे घाई नको. गरम असताना गुळाचा पाक पातळ असतो, तो जास्त कणीक मागतो आणि गार झाल्यावर गोळा घट्ट होऊन घारगे कडक होतात. गार मिश्रणात चिमूटभर मीठ, 2 चमचे तांदळाची पिठी, 1 चमचा गरम तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात नाही. तळताना आच मध्यम. गुळामुळे रंग लवकर चढतो आणि आत कच्चं राहतं.

उरलेल्या फोडी दोरे काढून, कोरड्या पुसून, डब्यात कागदावर ठेवा. फ्रिजमध्ये चार दिवस राहतात. किस वाटी-वाटीने फ्रीजरमध्ये टाकला तर दोन महिने, पण फक्त घारग्यांसाठी. बर्फातून निघालेला भोपळा मऊ पडतो. बिया चोळून धुवा. ठाण्याच्या पावसाळ्यात त्या गॅलरीत वाळत नाहीत, उलट बुरशी धरतात. रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी तव्यावर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा.