दोन टूल्स, दोन उत्तरं: बायनरी आणि युआरएल हाताळताना या चुका टाळा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा फोन आला. फॅट मशीनला जोडलेला संगणक संकलनाचे आकडे पुढे पाठवेना. सर्व्हरचा पत्ता बदललेला, प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी केव्हाच बंद, सोर्स कोड कुणाकडेच नाही. सचिव म्हणाले, "सायेब, धा दिवसाचं बिल काढायचं हाय. तेवढा पत्ता बदलून द्या की." तेवढा पत्ता बदलायला चार दिवस गेले, त्यातले तीन माझ्याच चुकांपायी.

पहिली चूक म्हणजे थेट घिड्रा उघडलं, म्हणजे सोर्स कोड नसलेला तयार प्रोग्रॅम (बायनरी) उलगडून वाचायचं टूल. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेनं २०१९ मध्ये हे टूल मोफत खुलं केलं, तेव्हापासून 'आयडा प्रो भारी की घिड्रा' (आयडा प्रो हे त्याच कामाचं विकतचं टूल) हा वाद शिरोलीच्या चहाच्या गाड्यावरसुद्धा रंगतो. पण हातातली फाइल कसली आहे, हे आधी कोण बघतं? मीही बघितलं नाही. दीड दिवसानं साधी 'फाइल' कमांड चालवली आणि क्षणात उत्तर मिळालं: डॉट नेट असेंब्ली, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर बनवलेला प्रोग्रॅम. तिच्यात मशीन कोड नसतो, मधल्या भाषेतला कोड असतो. आयएलस्पाय या डॉट नेट उलगडणाऱ्या टूलमध्ये टाकल्यावर मूळ सी शार्पच्या जवळ जाणारा कोड समोर आला. मशीनच्या बोर्डावरचं फर्मवेअर (बोर्डातच भरलेला प्रोग्रॅम) असतं, तर मात्र घिड्राच घेतलं असतं. तिथं प्रोसेसर आणि बेस अ‍ॅड्रेस (कोड मेमरीत जिथून सुरू होतो ती जागा) आपणच सांगायचा असतो. तो चुकला तरी टूल तक्रार करत नाही, निमूटपणे खोटं दाखवतं. स्ट्रिंग्ज (प्रोग्रॅममधले मजकुराचे तुकडे) दिसतात, पण त्यांच्याकडे बोट दाखवणारा कोड सापडत नाही, असं झालं की आधी बेस अ‍ॅड्रेसवर संशय घ्या.

दुसरी चूक 'स्ट्रिंग्ज' कमांडची. पत्ता दिसला नाही, म्हणून तो फाइलमध्ये नाहीच असं मी धरून चाललो. ही कमांड सांगितल्याशिवाय फक्त सलग चार किंवा जास्त साधी इंग्रजी अक्षरं शोधते. डॉट नेट मजकूर यूटीएफ-१६ मध्ये ठेवतं, म्हणजे दर इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट. '-ई एल' पर्याय दिला आणि पत्ता पहिल्याच पानावर. यूटीएफ-८ मधलं देवनागरीही या कमांडला एरवी दिसत नाही, हे आपल्याकडच्यांनी खास लक्षात ठेवावं.

मग फाइलचे बाइट थेट बदलणारं हेक्स एडिटर. नवा पत्ता तीन अक्षरांनी लांब होता. त्यानं पुढची स्ट्रिंग खाल्ली आणि पावती छापायची बंद झाली. आखूड पत्ता बसवून शून्यं भरली तरी भागत नाही, कारण डॉट नेटमध्ये स्ट्रिंगची लांबी तिच्या आधीच लिहिलेली असते. शेवटी काम झालं ते विंडोजच्या होस्ट्स फाइलमधल्या (कुठल्या नावाला कुठला आयपी, ही यादी) एका ओळीनं! जुनं नाव, नवा आयपी. नवा सर्व्हर जुन्या नावाला ओ द्यायला तयार होता आणि व्यवहार साध्या एचटीटीपीवर होता, म्हणून जमलं. एचटीटीपीएस असतं तर प्रमाणपत्रावर गाडी अडली असती. (स्वतःच्या हक्काच्या प्रोग्रॅमवर, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडणीपुरती, एरवी सहज न मिळणारी माहिती काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. दुसऱ्याच्या फाइलवर हौस भागवू नका.)

आकडे पोचले, पण गावांची नावं बिघडली. 'कोल्हापूर' म्हणजे यूटीएफ-८ चे २७ बाइट; युआरएलमध्ये दर बाइट % आणि दोन चिन्हांनी लिहितात (एन्कोड करतात), म्हणून ८१ चिन्हं. ती दोनदा एन्कोड झाली की % चंच %२५ होतं आणि रिकाम्या जागेच्या %२० चं %२५२०. लॉगमध्ये %२५ दिसला की कुणीतरी दुसऱ्यांदा हात मारलाय का, हे आधी बघा. फॉर्मच्या डेटात रिकामी जागा + होते, पाथमध्ये (पत्त्यातल्या सर्व्हरच्या नावापुढच्या भागात) मात्र + म्हणजे नुसता अधिक. त्यामुळे पायथॉनचं %२० देणारं 'कोट' कुठं आणि + देणारं 'कोट प्लस' कुठं, हे नीट बघा. कर्ल (कमांडवरून विनंती पाठवणारं टूल) वापरताना युआरएल अवतरणात घाला, नाहीतर शेल & पाशी तोडून अर्धीच विनंती पाठवतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एका लायब्ररीनं पत्ता तपासायचा आणि दुसरीनं उघडायचा. 'आपला-सर्व्हर\@परका-सर्व्हर' यातला होस्ट (ज्या सर्व्हरकडे जायचं तो) ब्राउझरच्या लेखी आपला, कारण तो \ ला / मानतो. पायथॉनच्या युआरएलपार्सच्या लेखी परका, कारण @ च्या आधीचं सगळं त्याला युजरनेम वाटतं. अशा ठिकाणी कोण बरोबर हा वाद घालत बसू नका. तपासलेले तुकडे जोडून नवा पत्ता बनवा आणि तोच उघडा.

राहिलं कऱ्हाड. एका नोंदीत ते ऱ नं लिहिलेलं, दुसरीत र, हलन्त आणि मधे अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे). पडद्यावर दोन्ही सारखीच, बाइट मात्र १८ आणि २१. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं (एकाच मजकुराची रूपं एकसारखी करायच्या पद्धतीनं) ती एक होत नाहीत. डोमेनच्या नावात असला शब्द आला, तर पायथॉनचा अंगभूत आयडीएनए कोडेक (इंग्रजीबाहेरची डोमेन नावं बदलून देणारा भाग) ते जोडचिन्ह गुपचूप गाळतो आणि रफार चढतो. मी डेटाबेसमध्ये भरतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ टाकली. मगच एकाच गावची दोन बिलं निघायची थांबली.