आपल्या गावच्या महिला मंडळाचा इतिहास कसा लिहावा

पंडिता रमाबाईंनी 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, त्याची नोंद इतिहासात आहे. परंतु गावोगावच्या महिला मंडळांनी चालवलेल्या बालवाड्या, शिवणवर्ग आणि भिशी यांची नोंद बहुधा एखाद्या ट्रंकेतच पडून असते. म्हणून प्रथम इतिवृत्ताच्या वह्या, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावतीपुस्तके आणि हळदीकुंकवाच्या निमंत्रणपत्रिका मिळवाव्यात. मंडळ नोंदणीकृत असल्यास त्याची घटना (नियमावली) व हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहता येतात. कीर्द कंटाळवाणी वाटली तरी वगळू नये, कारण ठरावात न लिहिलेली मदत खर्चाच्या रकान्यात सापडते.

सर्वांत अधिक काळजी नावांची घ्यावी. विवाहानंतर नाव बदलल्यामुळे एकच कार्यकर्ती दोन वह्यांत दोन निराळ्या व्यक्ती भासते, आणि ‘सौ.’ पुढे केवळ पतीचे नाव असल्यास तिची ओळखच पुसली जाते. यासाठी प्रत्येकीचे माहेरचे व सासरचे नाव शेजारी शेजारी लिहावे.

ज्येष्ठ सभासदांची मुलाखत संमती घेऊन ध्वनिमुद्रित करावी. त्यांना थेट साल विचारण्याऐवजी ‘पानशेतच्या पुराआधी की नंतर?’, ‘1972 च्या दुष्काळात मंडळ काय करीत होते?’ असे विचारावे. पानशेत धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, त्यामुळे पुणे परिसरातील आठवणींना त्यावरून काळ लावता येतो. छायाचित्रांच्या मागे शाईने लिहू नये. मऊ पेन्सिल वापरावी.