हाडे, स्नायू आणि त्वचा: स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात या चुका टाळा

एमपीएससीच्या पूर्व परीक्षेची तयारी करणारे अनेक विद्यार्थी मानवी शरीराचा घटक शालेय पाठ्यपुस्तकांतून एकदा वाचतात, आकडे पाठ करतात आणि पुढे सरकतात. मात्र तीन-चार विधाने देऊन ‘अयोग्य विधान ओळखा’ असे विचारले, की सुटा आकडा कामी येत नाही. शिवाय चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण कापले जात असल्याने अंदाजाने दिलेले उत्तर मिळवलेल्या गुणांनाही कात्री लावते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे प्रौढ माणसाच्या हाडांची 206 ही संख्या नुसती घोकणे. ती बेरीज म्हणून मांडावी. अक्षीय म्हणजे शरीराच्या मध्यरेषेतील सांगाड्यात कवटीची 22, दोन्ही मध्यकर्णांतील 6, गळ्यातील हायॉइड 1, पाठीच्या कण्याची 26, बरगड्या 24 आणि उरोस्थी म्हणजे छातीच्या मधले हाड 1 अशी 80 हाडे येतात; उपांग सांगाड्यात हातांची 60, पायांची 60, स्कंधमेखलेची (खांद्याची) 4 आणि श्रोणिमेखलेची (कमरेची) 2 अशी 126. ही मांडणी वहीत स्वतः केली, की गोंधळाच्या जागा लगेच लक्षात येतात. कण्यात 33 मणके असे वाचलेला विद्यार्थी 26 पाहून अडखळतो. पण त्रिकास्थीचे 5 मणके जुळून एक हाड होते आणि माकडहाडाचे साधारण 4 मणके जुळून दुसरे, हे कळले की दोन्ही संख्या एकाच वेळी खऱ्या ठरतात. मनगटासह हाताच्या पंजात 27 हाडे आणि घोट्यासह पावलात 26, तरीही प्रत्येक हातापायात 30 कशी, हाही असाच अडवणारा प्रश्न आहे. हाताच्या बाजूला दंड ते मनगट यांतील 3 हाडे, आणि पायाच्या बाजूला मांडी ते घोटा यांतील 3 हाडांबरोबर गुडघ्याची वाटी मोजली, की हिशेब जुळतो.

स्नायूंमध्ये ‘पट्टेदार म्हणजे ऐच्छिक’ हे समीकरण डोक्यात पक्के बसते आणि तेथेच घात होतो, कारण हृदयाचा स्नायू पट्टेदार असूनही अनैच्छिक आहे. दुसरी चूक आकुंचनाच्या प्रक्रियेत होते. ॲक्टिन आणि मायोसिन हे तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. म्हणून आकुंचनाच्या वेळी ए पट्ट्याची (मायोसिन तंतूंच्या पूर्ण लांबीचा भाग) रुंदी कायम राहते, तर आय पट्टा (फक्त ॲक्टिन असलेला भाग) आणि एच क्षेत्र (ए पट्ट्याच्या मधला, फक्त मायोसिन असलेला भाग) अरुंद होतात. आकृती न काढता हा भाग वाचणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचप्रमाणे बायसेप्सचे काम ‘कोपर वाकवणे’ एवढेच लिहून ठेवू नये. कोपर काटकोनात ठेवून दुसऱ्या हाताची बोटे दंडाच्या पुढच्या भागावर टेकवावीत आणि पालथा तळवा जोर लावून उताणा करावा; कोपराचा कोन तसाच असतानाही स्नायू टणक झालेला बोटांना जाणवतो. बायसेप्सची सुरुवात खांद्याच्या फऱ्यापासून होते आणि तो कोपर ते मनगट यांमधील रेडियस या हाडाला जोडलेला असतो, त्यामुळे त्याच्या ओढीने रेडियस फिरते. असा स्वतःच्या शरीरावर पडताळलेला मुद्दा परीक्षेच्या दडपणातही आठवतो.

स्नायूला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू आणि हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध, ही अदलाबदल वारंवार होते. तेवढी एकदाच पक्की करावी.

त्वचेचा भाग मात्र अनेक जण दोन ओळींत उरकतात, ही खेदाची गोष्ट आहे. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण अंतस्त्वचेतून होते. बाह्यत्वचेचे पाचही थर केवळ तळहात आणि तळपायाच्या जाड त्वचेत असतात, इतरत्र चारच. वर्णातील फरक मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींच्या संख्येमुळे पडतो, हे विधान चुकीचे आहे. ती संख्या सर्वांमध्ये जवळपास सारखी असते आणि फरक मेलॅनिनचे प्रमाण, प्रकार व वाटप यांत असतो.

तिन्ही संस्था वेगवेगळ्या वह्यांत कोंडल्या, की त्यांना जोडणारे प्रश्न सुटत नाहीत. सूर्यप्रकाशामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, यकृत आणि मूत्रपिंड त्याला क्रियाशील रूप देतात, त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते, आणि तेच कॅल्शियम हाडांना बळकटी व स्नायूंना आकुंचनाचा संकेत देते. ही साखळी एका पानावर बाणांनी काढावी आणि मुडदूस हा लहान मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार तिच्यातील कोणती कडी तुटल्याने होतो, हे त्याच पानावर लिहावे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना बरोबर पर्यायावर खूण करून थांबू नये. उरलेला प्रत्येक पर्याय का चुकतो, त्याचे कारण एका वाक्यात शेजारी नोंदवावे.