नदी सरोवराला मिळते तिथली शेती : पूर ओसरल्यानंतरचा पेरणीसल्ला

पूर ओसरून रब्बीची तयारी सुरू होण्याच्या या दिवसांत, लहान नदी मोठ्या सरोवराला जिथे मिळते त्या मुखालगतच्या शेतकऱ्यांनी नदीपेक्षा सरोवराच्या पातळीवर अधिक लक्ष ठेवावे. लहान नदीचा पूर काही तासांत चढतो आणि बहुधा एकदोन दिवसांत उतरतो; सरोवर मात्र सगळ्या नद्यांचे पाणी साठवून घेत असल्याने उशिरा भरते आणि सावकाश उतरते. त्यामुळे वरच्या गावांत नदी पात्रात परतली तरी मुखाजवळ पाणी तुंबूनच राहते, कारण सरोवराचा फुगवटा पात्रातून मागे आलेला असतो. पात्राचा उतार २००० मीटरला १ मीटर इतका मंद असेल, तर सरोवर १ मीटरने चढल्यावर हा फुगवटा साधारण २ किलोमीटर आतपर्यंत येऊ शकतो. सरोवरावरून मुखाच्या दिशेने जोराचा वारा सतत वाहिला, तर पाऊस नसतानाही पाणी पुन्हा चढते. म्हणून काठावर खुणेची काठी रोवून रोज सकाळी पातळी पाहावी आणि ती सलग उतरू लागल्याशिवाय सखल भागात बियाणे टाकू नये.

अशा ठिकाणी जमिनीची ठेवण काहीशी उलटी असते. पूर काठ ओलांडतो तेव्हा त्याचा वेग एकदम मोडतो आणि जाड रेती काठावरच पडते. वर्षानुवर्षे असे होऊन काठाची पट्टी उंच होते, तर नदीपासून दूरची जमीन सखल आणि चिबड (पाण्याचा निचरा न होणारी) राहते. नदीपासून लांब म्हणजे सुरक्षित, हा समज येथे महागात पडतो. काठाच्या पट्टीत वाफसा (मशागत-पेरणीला योग्य इतकीच ओल) आधी येतो, तेव्हा पेरणीची सुरुवात तिथून करावी आणि पाणी उतरेल तसे मागच्या सखल भागाकडे सरकावे.

गाळ सगळीकडे सारखा नसतो. वाळू मुखाच्या तोंडाशी, पोयटा (वाळूहून बारीक, चिकण कणांहून जाड गाळ) त्यापुढे आणि चिकण कण सर्वांत शेवटी, संथ पाण्यात बसतात; ०.००२ मिलिमीटर जाडीच्या कणाला स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे ८ तास लागतात. आपल्या शेतात नेमके काय साचले आहे हे घरीच पाहता येते. काचेच्या उभट बरणीत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावे, चांगले हलवावे आणि बरणी जागेवरून न हलवता ठेवावी. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, पुढच्या दोनेक तासांत पोयटा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर चिकण मातीचे प्रमाण मोठे आहे असे समजावे. वाळूच्या थराला पाणी थोडे थोडे पण वारंवार लागते; चिकण थरात ओल टिकते, मात्र तो ओला असताना ट्रॅक्टर घातला तर जमीन दबते आणि ढेकळे हंगामभर फुटत नाहीत. मातीचा गोळा वळून कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. तो भुगा होऊन फुटला तरच मशागत सुरू करावी.

वरची माती कोरडी दिसली तरी खालची पाणीपातळी सरोवराच्या पातळीशी बांधलेली असते. सखल भागात मीटरभर खोल खड्डा घेऊन तो एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी त्यात पाणी दिसले तर हरभऱ्यासारखे पीक तिथे घेऊ नये, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या सुमारे दहा हजारपटीने सावकाश पसरतो आणि मुळे गुदमरतात. चर खोदायचा असेल तर तो जिथे सोडायचा तिथली पाणीपातळी शेतापेक्षा खाली आहे याची आधी खात्री करावी, अन्यथा त्याच चरातून सरोवर शेतात येते.

नव्या गाळाने जमीन सुपीक होते हे खरे, पण नत्राबाबत त्यावर विसंबू नये. पाणी साचलेल्या मातीतील नायट्रेट (नत्राचे पिकाला मिळणारे रूप) वायुरूपात उडून जाते, त्यामुळे नत्राची मात्रा वाफसा आल्यावर आणि विभागून द्यावी. हरभऱ्याच्या बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) आणि त्यानंतर रायझोबियम (मुळांवर नत्र मिळवून देणारे जिवाणू) चोळणे अशा ओलसर जमिनीत विशेष उपयोगी ठरते, कारण मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) आणि मूळकूज येथे लवकर पसरते. सरोवराजवळ दव आणि धुके उशिरापर्यंत रेंगाळते. पाने लवकर सुकावीत म्हणून ओळी वाऱ्याच्या दिशेने ठेवाव्यात आणि पेरणी दाट करू नये.

काठाची गवताची पट्टी नांगरून टाकू नये. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून वाहते, सरोवरात जाऊन शेवाळ वाढवते, आणि तेच शेवाळ पुढे पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या (पाण्यात बुडणाऱ्या पाइपच्या टोकावरील झडपेच्या) जाळीत अडकते. फूटव्हॉल्व्ह तळापासून वर, तरंगत्या पिंपाला बांधून ठेवावा. मुखाजवळची धार दरवर्षी जागा बदलू शकते, त्यामुळे तिथे पक्के बांधकाम करण्याऐवजी हलवता येणारा पंप आणि लवचिक पाइप वापरणे श्रेयस्कर.